बहर भरघोस, फळ एक नाही: परसबागेतल्या दोन गोड चेरींचं प्रकरण

काकांचा फोन आला तेव्हा पाकळ्या गळून आठवडा झाला होता. "तू एकदा येऊन बघ," ते म्हणाले. "यंदाही तेच झालं. दोन्ही झाडं पांढरीशुभ्र झाली होती, फांदी दिसत नव्हती. आता बघतोय तर काहीच नाही. चार वर्षं झाली. पावसाळी थंडी सुरू व्हायच्या आत मी ही काढून टाकणार आहे."

त्यांचं ते शेवटचं वाक्य ऐकून मी दुसऱ्याच दिवशी गेलो. ऐन वयात आलेलं गोड चेरीचं झाड तोडणं ही फार मोठी गोष्ट आहे. जोमदार खुंटावरचं (कलम ज्या मूळझाडावर बांधतात तो खुंट) झाड फळाला यायलाच पाच ते सात वर्षं घेतं, आणि एकदा आलं की पुढे कित्येक वर्षं देत राहतं. ही दोन झाडं लावून अकरावा वसंत चालू होता.

काय दिसलं

घराच्या मागच्या बाजूला हलक्या उताराची जमीन, माती भुसभुशीत, पाणी कुठे साचत नाही. गोड चेरीला जमिनीतलं सगळं एक वेळ कमीजास्त चालतं, पण मुळाशी तुंबलेलं पाणी चालत नाही. त्यामुळे मी कुठेही गेलो की आधी पायाखालची जमीन बघतो. इथे ती चांगली होती. दोन्ही झाडांचा कलमाचा सांधा जमिनीच्या वर चार बोटं स्पष्ट दिसत होता, म्हणजे लागवडही नीट झाली होती. झाडांमध्ये पाच-सहा मीटरचं अंतर. उंची मात्र सात मीटरच्या घरात गेलेली.

काकांनी आतापर्यंत काय काय केलं होतं ते त्यांनी न लपवता सांगितलं. पहिल्यांदा फळं लागली नाहीत तेव्हा खत कमी पडलं असेल म्हणून नत्राचं खत भरपूर घातलं. झाडांनी त्या उन्हाळ्यात हातभर लांबीच्या फुटी काढल्या, फळ तरीही नाही. पुढच्या वर्षी कोणीतरी सांगितलं की झाड माजलंय, छाटून काढ. काकांनी ऐन हिवाळ्यात, रिमझिम चालू असताना, मनगटाएवढ्या फांद्या करवतीने उतरवल्या. त्याच्या पुढच्या वर्षी खोडाला खिळे ठोकले. झाडाला धक्का बसला की ते फळ धरतं, असं त्यांना सांगण्यात आलं होतं.

मला हे सगळं ऐकताना वाईट वाटत होतं. प्रत्येक उपाय मनापासून केलेला, आणि प्रत्येकाने झाडाचं थोडं नुकसान केलेलं.

मी एक खालची फांदी हातात घेतली. गोड चेरीची फळं मुख्यतः दोन किंवा जास्त वर्षांच्या लाकडावरच्या बोटभर आखूड फुटींवर लागतात. बागवाले त्यांना स्पर म्हणतात. एका स्परवर फुलकळ्यांचा झुबका आणि मध्ये एखादी पानकळी असते. इथे स्पर रग्गड होते आणि प्रत्येकावर फुलांचे देठ शिल्लक होते. देठाच्या टोकाला वाळलेल्या पेल्यात अडकलेला अंडाशय, गव्हाच्या दाण्याएवढा, हिरवट पिवळा. दोन-चार मी नखाने उभे चिरले. आतलं बीजांड तपकिरी पडून आकसलं होतं. देठाला नुसतं बोट लावलं तरी तो गळून पडत होता.

या एका निरीक्षणाने अर्धं प्रकरण सुटतं. फळ धरून नंतर गळालं असतं तर आत हिरवं, भरत चाललेलं बी सापडलं असतं. इथे बी धरलंच नव्हतं. अशी न फळलेली फुलं पाकळ्या गळाल्यावर दोन-तीन आठवडे झाडावर राहतात, लोकांना वाटतं फळं सेट झाली, आणि मग एका वाऱ्यात सगळी खाली येतात. काकांनाही दरवर्षी ते दोन-तीन आठवडे आशा वाटत असे.

काय नव्हतं

थंडी कमी पडली असेल का? बहुतेक जुन्या गोड जातींना हिवाळ्यात ७ अंशांखालचे हजार तासांच्या आसपास लागतात. ते मिळाले नाहीत तर झाड उशिरा, तुकड्यातुकड्याने आणि विरळ फुलतं. इथे तर फांदी दिसणार नाही इतका एकसारखा बहर होता. तो प्रश्न तिथेच मिटला.

माझा पहिला संशय खरं म्हणजे दंवावर होता, आणि तो चुकला. पूर्ण उमललेल्या चेरीच्या फुलाला उणे २.२ अंशांवर अर्धा तास काढावा लागला तर साधारण दहातलं एक फूल जातं, आणि उणे ३.९ पर्यंत उतरलं तर दहातली नऊ जातात. दंवाने मेलेलं फूल बाहेरून छान दिसतं, पाकळ्या पांढऱ्याच राहतात, पण मधला स्त्रीकेसर काळा पडतो. मी काकूंना विचारलं तर त्यांनी मोबाइलमधले फोटो काढून दाखवले. नातीने फुलांचे अगदी जवळून फोटो घेतले होते. स्त्रीकेसर एकजात पोपटी, टवटवीत. दंव नव्हतं.

मधमाश्या? काकू म्हणाल्या, "अरे, दुपारी झाडाखाली उभं राहवत नाही इतका गुंजारव असतो." मधमाश्या साधारण १२-१३ अंशांच्या वर आणि कोरड्या उन्हातच नीट कामाला निघतात, त्यामुळे एखाद्या गारठ्या वसंतात त्या कमी पडतात हे खरं. पण सलग चार वर्षं? शिवाय भुंगे आणि एकट्या राहणाऱ्या रानमाश्या त्याहून थंडीतही फिरतात. माश्या येत होत्या, फुलातून फुलात जात होत्या, पराग नेत होत्या. मग तो पराग कोणाचा होता, एवढाच प्रश्न उरला.

"दोन वेगळ्या जाती लावल्यात रे," काका म्हणाले. "रोपवाटिकेतच सांगितलं होतं, गोड चेरीला जोडीदार लागतो. म्हणून मुद्दाम दोन घेतल्या." त्यांनी खोक्यातून जपून ठेवलेल्या दोन पट्ट्या आणल्या. एकीवर बिंग, दुसरीवर लॅम्बर्ट.

पट्ट्या वाचल्या आणि मी खालीच बसलो.

नावं दोन, कूळ एक

गोड चेरीच्या बहुतेक जाती स्वतःच्या परागाने फळत नाहीत, एवढं बऱ्याच जणांना माहीत असतं. त्याच्या पुढची गोष्ट फार कमी ठिकाणी सांगितली जाते. दुसरी जात शेजारी असली म्हणजे काम झालं, असं नाही. ती जात चालणारी असावी लागते.

चेरीच्या प्रत्येक झाडात एका विशिष्ट जनुकाच्या दोन प्रती असतात. शास्त्रज्ञ त्यांना एस या अक्षराने आणि पुढे क्रमांक लावून ओळखतात. बिंगमध्ये एस-३ आणि एस-४. परागकणात या दोनपैकी एकच प्रत जाते. परागकण दुसऱ्या फुलाच्या स्त्रीकेसराच्या टोकावर पडतो, रुजतो, आणि एक बारीक नळी खाली अंडाशयाकडे वाढवायला लागतो. स्त्रीकेसर ती नळी तपासतो. परागाकडची प्रत आपल्या दोनपैकी एकीशी जुळली तर ती नळी वाटेतच अडवली जाते. जुळली नाही तर पुढे जाऊ दिलं जातं. म्हणजे आपलं ते नको, परकं हवं. जवळच्या नात्यात बी धरू नये म्हणून झाडाने केलेली ही व्यवस्था आहे.

आता लॅम्बर्टच्या प्रती कोणत्या? एस-३ आणि एस-४. बिंगच्याच. लॅम्बर्टचा कुठलाही परागकण बिंगला स्वतःचाच वाटतो आणि बिंगचा लॅम्बर्टला. फळाची चव वेगळी, पिकण्याची वेळ वेगळी, पानाची ठेवण वेगळी, पण या एका बाबतीत दोघी एकच. नेपोलियन ही तिसरी जुनी जातही त्याच गटातली. १९१० च्या दशकात अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात हे लक्षात आलं होतं, कारण तिथे या तिन्ही जाती भरपूर लावल्या होत्या आणि फक्त त्याच असलेल्या बागा फुलून रित्या राहत होत्या. बिंग त्याच राज्यातल्या मिल्वॉकी गावच्या लेवेलिंग यांच्या बागेत १८७० च्या दशकात निवडली गेली आणि तिथल्या आह बिंग या चिनी कामगाराचं नाव तिला मिळालं. लॅम्बर्टही त्याच गावची.

मी हे काकांना समजावून सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मग सुरुवातीला फळं कशी लागली?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

काकूंची वही

लागवडीनंतर पाचव्या वसंतात पहिली थोडी फुलं आली. सहाव्या आणि सातव्या वर्षी व्यवस्थित फळ होतं. सातव्या वर्षी तर दोन बादल्या भरून. आठव्या वर्षापासून मूठभर, म्हणजे खरोखर मुठीत मावतील एवढीच. दोन्ही झाडं एकाच कुळातली असतील तर ही दोन चांगली वर्षं कुठून आली?

काकू बागेची वही ठेवतात. साधी शाळेची वही, तारीख आणि एखाद-दोन ओळी. त्यांनी ती आणली आणि आम्ही तिघे ओट्यावर बसून मागची पानं चाळायला लागलो. "बहर सुरू." "पहिली मधमाशी." "पाऊस, फुलं भिजली." सातव्या वर्षाच्या शरद ऋतूतल्या एका नोंदीवर काकूंचं बोट थांबलं. "मागच्या घरी शेडचं काम सुरू. करवतीचा आवाज दिवसभर. त्यांचं कोपऱ्यातलं जुनं झाड गेलं."

"कसलं झाड होतं ते?" मी विचारलं.

"जंगली चेरी," काकू म्हणाल्या. "आपोआप उगवलेलं. फळं एवढीशी, कडवट. पक्षीच खायचे. कोणाला त्याचं काही नव्हतं."

भिंतीच्या पलीकडे, आमच्या झाडांपासून तीसेक पावलांवर, त्या झाडाचा बुंधा अजून होता. रानात आपोआप उगवणारी जंगली चेरी म्हणजे वनस्पतीशास्त्राच्या दृष्टीने गोड चेरीच, एकच प्रजाती. बियांपासून उगवलेल्या अशा झाडात एस-जनुकाच्या प्रती कोणत्याही असू शकतात, आणि बिंग-लॅम्बर्टशी नेमक्या त्याच जुळतील याची शक्यता कमी. ते झाड त्याच आठवड्यांत फुलायचं, माश्या भिंत ओलांडून जायच्या, यायच्या. दोन वर्षं काकांच्या झाडांना लागलेल्या फळांचा बाप भिंतीपलीकडे उभा होता आणि कोणालाही ठाऊक नव्हतं. ज्या शरदात तो गेला, त्याच्या पुढच्या वसंतापासून फळं बंद.

आणि ती दरवर्षीची मूठभर फळं? परिसरात आणखी कुठेतरी दूरवर चेरी असणार, आणि एखादी माशी तिथून थेट इकडे येत असणार. त्या फळांची जागाही काकूंनी सांगितली: बहुतेक वेळा शेंड्याकडे.

मला या प्रकरणातला हाच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. झाड बघून आपण झाडातच दोष शोधतो. खत, पाणी, छाटणी, रोग, सगळं त्याच्याच अंगावर. इथे बदललेली गोष्ट झाडात नव्हती, बागेतही नव्हती, आणि काकूंनी करवतीचा आवाज लिहून ठेवला नसता तर ती आम्हाला कधीच कळली नसती.

चार फांद्यांची परीक्षा

संशय कितीही पक्का असला तरी पुरावा हवा होता. काकांनी चार वर्षांत बरीच मतं ऐकली होती, आणि माझं म्हणणं त्यांना आणखी एक मत वाटलं असतं तर त्यात चूक काही नव्हती. म्हणून पुढच्या वसंतात आम्ही बिंगच्या झाडावर चार फांद्या निवडल्या. जवळजवळ सारख्या जाडीच्या, प्रत्येकीवर साठेक फुलं राहतील अशा बेताने जास्तीच्या कळ्या खुडून टाकल्या.

तीन फांद्यांना कळ्या उमलायच्या आधी बारीक जाळीच्या पिशव्या बांधल्या, म्हणजे माशी आत जाणार नाही. चौथी उघडी ठेवली. एका ओळखीच्यांच्या बागेत स्टेला जातीचं झाड होतं. त्याच्या फुगलेल्या, उद्या उमलतील अशा कळ्या आणल्या. चहाच्या गाळणीवर हलक्या हाताने चोळल्या की पुंकेसरांची टोकं खाली कागदावर पडतात. कागद घरातच रात्रभर ठेवला. सकाळी ती टोकं फुटून कागदावर पिवळी धूळ धरली होती. ती एका छोट्या बाटलीत भरली. लॅम्बर्टचा परागही असाच वेगळ्या बाटलीत.

पहिल्या फांदीला बिंगचाच पराग, दुसरीला लॅम्बर्टचा, तिसरीला स्टेलाचा. मऊ कुंचल्याने, प्रत्येक फुलाच्या स्त्रीकेसराच्या चिकट टोकाला, दोन दिवस लागोपाठ. फूल उमलल्यावर पहिले दोन-तीन दिवसच कामाचे असतात. नंतर टोक पराग घ्यायला तयार असलं तरी पराग-नळी पोहोचेपर्यंत आतलं बीजांड म्हातारं होतं. बिंगचे स्वतःचे पुंकेसर काढून टाकायची गरज नव्हती, कारण स्वतःचा पराग तिला चालतच नाही. हे काम काकांनी स्वतः केलं, शिडीवर चढून, चष्मा सांभाळत. प्रत्येक परागासाठी कुंचला वेगळा, हे मात्र मी दहा वेळा बजावलं.

पाच आठवड्यांनी मोजलं. बिंगचा पराग: शून्य. लॅम्बर्टचा पराग: शून्य. उघडी फांदी: एक फळ. स्टेलाचा पराग: सतरा हिरवी, वाटाण्याहून मोठी, घट्ट फळं.

काकांनी ती सतरा फळं तीनदा मोजली.

स्टेलाच का

स्टेला वापरण्यामागे कारण होतं. १९४० आणि ५० च्या दशकांत इंग्लंडमधल्या जॉन इन्स संस्थेत चेरीच्या परागावर क्ष-किरणांचा मारा करून काही रोपं तयार केली गेली. त्यांच्यातल्या एका प्रतीत, एस-४ मध्ये, असा बिघाड झाला की स्त्रीकेसराला तो पराग ओळखताच येईना. अडवलं जाणारं परागकण सुटून जाऊ लागलं. अशाच एका रोपाचा पराग कॅनडातल्या समरलँड इथे कार्ल लॅपिन्स यांनी लॅम्बर्टवर वापरला आणि १९६८ मध्ये स्टेला ही पहिली स्वफलित, म्हणजे स्वतःच्याच परागाने फळणारी, गोड चेरी बागांना मिळाली. नंतरच्या लॅपिन्स, स्वीटहार्ट, सनबर्स्ट या जातीही त्याच घराण्यातल्या.

स्टेलाच्या निम्म्या परागकणांत ही बदललेली प्रत असते, आणि ती कोणत्याही गोड चेरीवर चालते. उरलेले निम्मे एस-३ असल्याने बिंगवर अडतात, पण निम्मेही पुष्कळ होतात. लॅपिन्सचा पराग बिंगला याहूनही पूर्णपणे चालतो, पण ती फुलायला थोडी लवकर असते. स्टेलाचा आणि बिंगचा बहर जास्त सारखा येतो. जोडीदार निवडताना कूळ आणि बहराची वेळ, दोन्ही बघावं लागतं. एकच बघितलं तर पुन्हा फसायला होतं. आणि आंबट चेरी लावून हा प्रश्न सुटत नाही. ती वेगळी प्रजाती, गुणसूत्रं दुप्पट, शिवाय सहसा उशिरा फुलते.

नवीन झाड लावायला जागा होती, पण ते फुलेपर्यंत वाट कोण बघणार? म्हणून परीक्षेच्याच वसंतात, कळ्या हलायच्या आधी, दोन्ही झाडांवर दोन-दोन चांगल्या उजेडातल्या फांद्यांवर स्टेलाचं कलम बांधलं. कलमकाड्या ऐन थंडीत कापून, ओल्या कापडात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवल्या होत्या. फळांजवळ ठेवायच्या नाहीत, पिकणाऱ्या फळांच्या वायूने काडीचे डोळे मरतात. आणि काडी निरोगी झाडाचीच घ्यायची, कारण चेरीचे विषाणू कलमाबरोबर हमखास येतात. चारातली तीन कलमं धरली. प्रत्येक स्टेला फांदीला काकूंनी लाल नाडी बांधली, नाहीतर छाटणीच्या वेळी कोणीतरी नेमकी तीच कापतं. हे मी दोन ठिकाणी झालेलं पाहिलंय.

डिंकाचं काय

फळाचा प्रश्न सुटला म्हणून झाड बरं झालं असं नव्हतं. काकांनी हिवाळ्यात केलेल्या कापांच्या आणि खिळ्यांच्या भोवती मधाच्या रंगाचा डिंक ओघळून गोठला होता. डिंक म्हणजे रोगच असं नाही, कुठल्याही जखमेला चेरी डिंक सोडते. पण बिंगच्या एका मोठ्या फांदीवर साल दबून खोलगट झाली होती. चाकूने सालीचा पापुद्रा काढला तर खाली तपकिरी, ओलसर, आंबूस वासाची पट्टी वरखाली धावलेली. हा जिवाणूजन्य खैरा, साल कुजवणारा रोग. याचे जिवाणू थंड, ओल्या दिवसांत पानगळीच्या वणांतून आणि ताज्या कापांतून आत शिरतात. ओल्या हिवाळ्यात केलेली छाटणी त्यांना दार उघडून देते.

त्याच पहिल्या उन्हाळ्यात, हवा आठवडाभर कोरडी राहणार असं बघून, आम्ही ती फांदी उतरवली. पट्टी संपून लाकूड पूर्ण स्वच्छ दिसेपर्यंत मागे जात राहिलो आणि त्याच्याही पुढे वीतभर कापलं. प्रत्येक कापानंतर करवत स्पिरिटने पुसली. खिळे उपटले. खत दोन वर्षं पूर्ण बंद. त्यानंतर या झाडांची छाटणी फक्त उन्हाळ्यात, फळं उतरल्यावर, असा काकांनी नियमच केला, आणि दोन उन्हाळ्यांत उंची हळूहळू पाच मीटरच्या आत आणली. खुंट ठेंगणा असता तर हे कष्ट पडले नसते. गिझेला-५ सारख्या खुंटावरचं झाड माणसाच्या हातात राहतं आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळ देतं. घरच्या बागेत आज कोणी विचारलं तर मी तेच सुचवतो.

बादलीतला बहर

कलमं फुलायला अजून अवकाश होता. म्हणून पुढच्या वसंतात जुनी युक्ती केली. ओळखीच्यांकडून स्टेलाच्या अर्धवट उमललेल्या फांद्या कापून आणल्या, दोन बादल्यांत पाणी घालून त्यात उभ्या केल्या आणि बादल्या झाडांच्या मधोमध, डोक्याएवढ्या उंचीवर टांगल्या. तीन दिवसांनी पाणी आणि फांद्या बदलल्या. हवा उबदार होती. माश्या बादलीतून झाडावर आणि झाडावरून बादलीत.

त्या वर्षी पाकळ्या गळाल्यावर तीन आठवड्यांनी काकांनी मला फोन केला आणि नुसतं म्हणाले, "गळत नाहीयेत."

फळं रंगावर आली आणि पाठोपाठ दोन संकटं. एक पक्ष्यांचं. त्यांना आपल्यापेक्षा चार दिवस आधी कळतं. जाळी रंग चढायच्या आधीच टाकायला हवी होती, आम्ही उशीर केला आणि लॅम्बर्टच्या शेंड्यावरचं फळ गेलं. जाळी ताणून आणि खालून बंद करून बांधायची, सैल सोडली तर पक्षी तिच्यात अडकून मरतात.

दुसरं पावसाचं. तोडणीला आठवडा असताना दिवसभर पाऊस लागला. पिकत आलेल्या चेरीत साखर भरलेली असते, सालीवर थांबलेलं पाणी ती आत ओढून घेते, आणि साल ताणून फुटते. देठाच्या खळग्यात थेंब साचतो तिथे अर्धचंद्राकृती चिरा पडतात. खोल उभ्या चिरा बऱ्याचदा मुळांनी एकदम पाणी ओढल्याने येतात. दुसऱ्या प्रकाराला आळ्यात आच्छादन आणि आधीपासून एकसारखं पाणी याने थोडा आळा बसतो. पहिल्यावर झाड झाकण्याखेरीज घरगुती इलाज नाही. काकांनी खालच्या दोन फांद्यांवर प्लास्टिकचं तात्पुरतं छप्पर केलं होतं. त्याखालची फळं बचावली, उघड्यावरची निम्मी फुटली.

तरीही चार बादल्या भरल्या. तोडताना काकू मागे उभ्या राहून सांगत होत्या, देठासकट, देठ वर उचलून, स्पर न मोडता. स्पर मोडला तर पुढच्या वर्षाचं फळ मोडलं. आणि कच्चं तोडायचं नाही. तोडलेली चेरी घरात ठेवून गोड होत नाही. त्यामुळे आम्ही रंगावर भरवसा न ठेवता प्रत्येक फांदीवरची एक-एक खाऊन बघत होतो, आणि त्या कामात कोणी घाई केली नाही.

यंदा, कलमानंतरच्या तिसऱ्या वसंतात, लाल नाडी बांधलेल्या तीनही फांद्या पहिल्यांदा फुलल्या. थोडीच फुलं, प्रत्येकीवर पाच-सहा झुबके. बादल्या आणखी एक-दोन वर्षं लागतील.

मी गेलो तेव्हा काका भिंतीपाशी मागच्या शेजाऱ्यांशी बोलत उभे होते. जुन्या बुंध्याच्या मुळांतून शेडच्या कडेने चार-पाच धुमारे कमरेएवढे वर आले होते आणि शेजारी ते उपटायला निघाले होते. काका भिंतीवरून वाकून बोट दाखवत त्यांना म्हणत होते, "सगळे काढा, पण तो कोपऱ्यातला एक राहू द्या. त्याला काही लागलं तर पाणी मी घालीन."